तळाचा वण

बाईंच्या हातात कुठलीही फुलदाणी आली की त्या आधी ती पालथी करायच्या. रंग, नक्षी, तोंडाची घडण हे सगळं नंतर. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना पाठीमागे पालथीबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. ज्या काचेवर सही नाही, शिक्का नाही, चिठ्ठी नाही, ती कुठे आणि साधारण कधी घडली हे सांगणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांची खोली एका लिलावघराच्या दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलावर जाड नमदा अंथरलेला, खिडकीला काळा दुहेरी पडदा आणि भिंतीलगत कपाटात नमुन्यादाखल ठेवलेली काच.

त्या सकाळी एक मुलगी धुण्याची टोपली घेऊन आली. टोपलीत टॉवेलांत गुंडाळलेल्या पाच फुलदाण्या होत्या. तिच्यामागून आलेले आजोबा दारातच दम खात उभे राहिले.

"बसा ना आजोबा. मी मांडते."

"आधी विचार त्यांना. इथं सगळंच फुटण्यासारखं दिसतंय."

"खुर्ची लाकडाची आहे, काका," बाई म्हणाल्या. "बिनधास्त बसा."

"मी माझ्याबद्दल बोलत होतो," म्हातारा म्हणाला आणि बसला.

पाचही फुलदाण्या एकाच प्रकारच्या होत्या. वीतभर उंच, बाहेरून स्वच्छ पारदर्शक काच आणि आत तळापासून वर चढत गेलेली धुरासारखी निळसर छटा. मुलीनं त्या दोन वर्षं हिंडून जमवल्या होत्या. दोन बाजारात मिळाल्या, दोन इंटरनेटवरून मागवल्या, एक कुणाच्या तरी घराची आवराआवर चालली होती तिथून आणली. हा प्रकार नदीकाठच्या एका कारखान्यात बनायचा. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे वडील तिथे भट्टीवर काच फुंकायचे. ती आईच्या पोटात असतानाच ते गेले. घरात त्यांचा फोटो होता, एक स्वेटर होता, पण त्यांनी घडवलेलं काहीही नव्हतं. आता तिला लांबच्या शहरात नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात ती निघणार होती.

"मला त्यांच्या हातची एक वस्तू बरोबर न्यायचीय," ती म्हणाली. "ह्यांतली त्यांची कुठली, तेवढं सांगा."

"त्यांची एक आहे, हे कशावरून?"

"भट्टीवर चारच जण होते. आजोबाच सांगतात. चार माणसं, पाच फुलदाण्या. एक तरी निघेलच ना?"

"पाचही एकाच माणसाच्या असू शकतात."

"हेच मी हिला दोन वर्षं सांगतोय," म्हातारा म्हणाला. "पण घरात माझं कोण ऐकतं? तुमचं ऐकेल. तुमच्याकडे पडदा आहे, दिवे आहेत."

बाईंनी पहिली फुलदाणी उचलून पालथी केली. मग दुसरी. एकेक करत पाचही पालथ्या करून त्यांनी नमद्यावर ओळीनं ठेवल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. मुलगी टेबलावर वाकली.

"तळाला काय बघता?"

"वण," बाई म्हणाल्या. "फुंकून झालं की फुलदाणी नळीवरून सोडवायची असते. त्याआधी तिच्या तळाला एक लोखंडी सळई चिकटवतात आणि तिच्या आधारानं तोंड घडवतात. शेवटी टोला देऊन सळई सोडवतात. ती सुटते तिथे वण राहतो. कुणी मोठा ठेवतो, कुणी लहान. कुणाचा मधोमध असतो, कुणाचा कायम जरा डावीकडे. वस्तू बिनसहीची असली तरी तिथे माणूस कळतो. दुसरीकडे कुठे फारसा कळत नाही, कारण बाकी सगळं साच्यानं आणि नमुन्याबरहुकूम होतं."

"मग ह्यांचे वण कसे आहेत?"

"नाहीत." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पाचही तळ घासलेले आहेत. फार सुरेख घासलेत. कडेला बारीक उतार काढलाय, टेबलाला ओरखडा पडू नये म्हणून. असं काम हल्ली बघायला मिळत नाही. पण ज्यानं केलं त्यानं मागे काहीही ठेवलेलं नाही."

म्हाताऱ्यानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मी," तो म्हणाला.

कारखान्यात त्याला सगळे 'सपाट' म्हणत. त्याचा मुलगा, म्हणजे मुलीचे वडील, भट्टीवर आणि बाप घासाईच्या शेडमध्ये, अशी त्यांची नोकरी होती. मधे गार करायची लांब भट्टी. मुलानं आज फुंकलेली फुलदाणी त्या भट्टीतून सावकाश निवत उद्या बापाच्या चाकावर यायची. दिवसभर दोघांची गाठ पडत नसे. जेवणाच्या सुट्टीत मुलगा शेडच्या दाराशी येऊन ओरडायचा, "काय सपाटराव, आज माझ्या किती पोरींच्या टाचा घासल्यात?" आणि शेडमधले सगळे हसायचे. सायकलवरून घरी जाताना एका संध्याकाळी ट्रकनं त्याला उडवलं. त्या दिवशी त्यानं केलेल्या फुलदाण्या तेव्हा गार करायच्या भट्टीत होत्या.

बाप आठवड्यानं कामावर परतला. शेडमधल्या इतरांनी बाकी सगळा माल काढला होता, पण त्या फुलदाण्यांना कुणी हात लावला नव्हता. त्या एका फळीवर पोत्याखाली झाकून ठेवल्या होत्या. त्याला कुणी काही बोललं नाही. त्यानं पोतं काढलं, चाक सुरू केलं, पाण्याची धार सोडली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या घासून काढल्या.

हे त्यानं बाईंच्या टेबलाशी बसून चार वाक्यांत सांगितलं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली.

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"ट्रकचं माहीत होतं तुला."

"घासल्याचं. सगळ्या घासल्यात? एकसुद्धा ठेवली नाहीत?"

"वण असलेला माल तपासनीस पास करायचा नाही. पास झाला नाही की त्याच संध्याकाळी हातोड्यानं फोडायचे आणि परत भट्टीत वितळायला टाकायचे. मी घासल्या नसत्या, तर त्या फुटल्या असत्या. मला त्या कारखान्याच्या बाहेर जायला हव्या होत्या. शाबूत."

"एखादी लपवून आणायची."

"फाटकावर जेवणाचे डबे उघडून बघायचे, बाळ. आणि तेव्हा असं काही सुचलंच नाही. हातात काम आलं, ते केलं."

असल्या वेळी बाई हातातलं काम पुढे चालू ठेवत. त्यांनी फुलदाण्या सरळ केल्या आणि एकेक उजेडात धरली. मुलीला तिसरीच्या जाड काचेत मोहरीएवढा बुडबुडा दिसला.

"हा त्यांचा श्वास असेल का? आत अडकलेला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तो वितळताना काचेतच तयार झालेला वायू. फुंकर म्हणजे आतली सगळी पोकळी. त्यातली हवा तोंड उघडलं त्याच वेळी निघून जाते."

"बरं," मुलगी म्हणाली आणि टॉवेलाच्या घड्या घालू लागली. टॉवेल आधीच घडी घातलेले होते.

म्हातारा इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसला होता. एकाएकी तो पुढे सरकला.

"तळ मोजता येतो का तुमच्याकडे? जाडी?"

"येतो. का?"

"माझ्या पोराचा तळ जाड असायचा. बाकीचे काच वाचवायचे. पातळ तळ चाकावर तडकतो, आणि गारठ्यात हात सुन्न झाले की दाब कमीजास्त होतो. म्हणून तो माझ्यासाठी मुद्दाम काच जास्त ठेवायचा. 'बाबा, तुमच्या चाकाचा वाटा ठेवलाय,' म्हणायचा. मुकादमानं त्याला दोनदा झापलं होतं त्यावरून. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही!"

"आजोबा!" मुलगी जवळजवळ ओरडली. "दोन वर्षं मी उन्हातान्हात हिंडतेय आणि तुम्हाला आज आठवतंय?"

"म्हातारा झालोय. हप्त्याहप्त्यानं आठवतं."

बाईंनी लांब टांगांचा कॅलिपर काढला. एक टांग तोंडातून आत, एक बाहेरून तळाला. पहिली मोजली आणि आकडा सांगितला. दुसरीचा आकडा तोच आला. तिसरीचाही तोच. चौथीशी त्या जरा थांबल्या, पुन्हा मोजली, आणि पुन्हा तोच आकडा सांगितला. पाचवीला कॅलिपरच्या टांगा बऱ्याच फाकल्या.

"ही जाड आहे," बाई म्हणाल्या. "चांगलीच जाड."

मुलीनं दोन्ही हात तोंडावर धरले. म्हातारा उठून उभा राहिला. आल्यापासून त्यानं एकाही फुलदाणीला हात लावला नव्हता. आता त्यानं पाचवी उचलली आणि चाकावर धरायचा तशी पोटाशी आडवी धरली, तळ बाहेरच्या बाजूला. त्यानं तळावरून अंगठा फिरवला. अनेक वर्षांच्या वाळूपाण्यानं त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. त्यांना आता गरम-गार कळायचं, बारीकसारीक काही कळत नसे. तरी तो अंगठा फिरवत राहिला.

"हीच का?" मुलीनं विचारलं. "आजोबा, हीच ना?"

"थांब गं. बघू दे जरा."

बाईंना थांबता आलं असतं. पण दिव्याखाली बघितल्याशिवाय त्या कुठल्याच वस्तूबद्दल बोलत नसत, आणि कपाटात त्या कारखान्याचा एक खात्रीचा वाडगा होता, तळाला अजून कागदी चिठ्ठी चिकटलेला. बाकी सगळ्या मालाची चिठ्ठी पहिल्या धुण्यातच निघून जायची. म्हणून तर हा सगळा माल निनावी होता. त्यांनी वाडगा आणून टेबलावर ठेवला.

"काका, जरा खाली ठेवता का? मला अंधार करावा लागेल."

पडदा ओढला. बाईंनी जांभळा दिवा लावला. ह्या दिव्याखाली काच आपल्या पोटातली द्रव्यं दाखवते, आणि ती प्रत्येक कारखान्याची वेगळी असतात. वाडगा फिकट गुलाबी दिसू लागला. चार फुलदाण्याही तशाच फिकट गुलाबी. पाचवीची बाहेरची काच हिरवी पेटली, कच्च्या कैरीच्या सालीसारखी.



"ही त्या कारखान्याची नाही," बाई म्हणाल्या. "नक्कल आहे. दुसरीकडे कुठेतरी केलेली. चांगली केलीय."

त्यांनी पडदा सारला. म्हातारा पाचवीकडे बघत नव्हता. तो बाकीच्या चौघींकडे बघत होता.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

"असं काय बोलता?"

"अगं, ह्या जोडीनं विकायच्या. दुकानात दोन शेजारी ठेवल्या की तळ सारखे दिसायला हवेत, म्हणून माझ्या चाकाशी लोखंडी माप टांगलेलं असायचं. येईल ती फुलदाणी त्या मापाला आणायची. कुणाची पातळ आली तर थोडी घासायची, त्याची जाड आली तर जास्त घासायची. तो वाटा ठेवायचा आणि मी तो काढून टाकायचो. रोज. मापाबाहेरची एकही जाऊ दिली नाही मी." त्यानं चौघींकडे बोट केलं. "बघ ना. चारही एकसारख्या. जाड राहिली म्हणजे ती त्याची नाही, हे मला मोजायच्या आधी कळायला हवं होतं."

मुलगी खुर्चीत बसली. तिचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे ह्या चारांत त्यांची एकही नाही?"

"असेल की. चारही असतील. बाईंनी मघाशी सांगितलं ना तसं."

"मग कुठली?"

"नाही कळत बाळ."

बाईंनी कागद पुढे ओढला. त्या सहसा असं करत नसत, पण त्या दिवशी केलं.

"माझ्या दाखल्यात मी एकीवर 'या कारागिराची असण्याची शक्यता' असं लिहू शकते," त्या म्हणाल्या. "चार माणसांतला एक तो होता. शक्यता खरीच आहे. खोटं लिहिल्यासारखं होणार नाही."

"लिहा," मुलगी लगेच म्हणाली.

"कुठल्या एकीवर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुम्ही सांगाल तिच्यावर," बाई म्हणाल्या.

मुलगी उठून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "आजोबा, नुसतं बोट दाखवा. मी काही विचारणार नाही. तुम्ही दाखवाल ती मी घेऊन जाईन. तिकडे खोलीत खिडकीशी ठेवीन आणि म्हणेन, ही माझ्या बाबांनी केली. बास. एवढंच पाहिजे मला."

"नाही."

"का पण? कुणाचं काय जाणार आहे?"

"मी एकीवर बोट ठेवलं की बाकीच्या तीन त्याच्या नाहीत असं ठरतं. आणि त्यांतलीच त्याची असली तर? एकदा पुसलंय मी त्याला. परत नाही पुसणार."

"हट्टी आहात तुम्ही."

"आहे."

"आई म्हणते ते खरंय. तुम्हाला माणसांपेक्षा माप प्यारं."

हे तिनं म्हणायला नको होतं, आणि म्हटल्याबरोबर ते तिलाही कळलं. म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतले आणि टोपली जवळ ओढली. मग एकेक फुलदाणी टॉवेलात गुंडाळायला लागला, तोंड आधी, तळ नंतर, मधे घडी. त्याची बोटं सावकाश चालत होती, पण चुकत नव्हती.

बाईंनी चार दाखले केले. कारखाना, काळ, प्रकार. कारागिराच्या ओळीत त्यांनी चारदा 'अज्ञात' लिहिलं. पाचवी फुलदाणी मुलीनं तिथेच सोडली. "ठेवा तुमच्या कपाटात," ती म्हणाली, "पुन्हा कुणी फसायला नको." जिना उतरताना तिनं एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातानं आजोबांचा दंड धरला होता.

त्या आठवड्यात घरात सामानाची बांधाबांध चालली होती. फुलदाण्या जेवणाच्या टेबलावर एका ओळीत उभ्या होत्या. येता-जाता मुलगी त्यांतली एक उचलायची, पिशवीशी न्यायची आणि परत आणून ठेवायची. कधी पहिली, कधी तिसरी. तिच्या आईनं दोन दिवस हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चारही ने आणि मोकळी हो एकदाची." बोलून ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ बराच वेळ सुरू होता.

निघायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं चारही बांधल्या. त्यांना जागा व्हावी म्हणून मुलीनं दोन स्वेटर आणि एक जाड पांघरूण पिशवीबाहेर काढलं. "तिकडे थंडी असते," तो म्हणाला. "घेईन तिकडे नवीन," ती म्हणाली. मग तिनं वाकून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि बाईंच्या खोलीत ती जे बोलली होती ते तसंच राहिलं. दोघांनाही तो विषय काढायचा नव्हता.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. ती पोचली होती. खोली ठीक होती, खिडकी मोठी होती, घरमालकीण जरा बोलभांड होती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग थांबली.

"आजोबा."

"बोल."

"एक फुटली. पिशवी उघडली तर आत तुकडेच. वरून कुणीतरी जड सामान टाकलं असणार. बाकीच्या तिन्ही ठीक आहेत."

म्हातारा फोन कानाशी धरून उभा होता. आई दारात येऊन उभी राहिली. त्यानं तिला हातानंच थांब म्हटलं.

"हीच त्यांची असली तर?" पलीकडून मुलगी म्हणाली. आता तिला रडू आवरत नव्हतं. "सांगा ना. ही नव्हती म्हणा. आजोबा, नुसतं म्हणा हो, ही नव्हती."

त्याला म्हणता आलं असतं. दोनच शब्द होते.

"तुकडे कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"समोर. जमिनीवर."

"उघड्या हातानं उचलू नकोस," तो म्हणाला. "बारीक कपची दिसत नाही, पण आत जाते. आधी पायात काहीतरी घाल."